हवेतला इमला कोणी उडवला? : एका स्वीडिश चित्रपटत्रयीच्या अखेरच्या भागामागील इतिहास

स्टीग लारसन या स्वीडिश पत्रकाराच्या तीन कादंबऱ्यांवर आधारलेल्या चित्रपटत्रयीचा शेवटचा भाग २७ नोव्हेंबर २००९ रोजी स्वीडनमध्ये पडद्यावर आला. त्याचे मूळ नाव ‘लुफ्तस्लोतेत सोम स्प्रेंग्देस’. ‘लुफ्त’ म्हणजे हवा, ‘स्लोत’ म्हणजे राजवाडा. हा सामासिक शब्द स्वीडिश भाषेत नेमक्या त्याच अर्थाने रूढ आहे, ज्या अर्थाने आपण ‘हवेत इमले बांधणे’ असे म्हणतो. तेव्हा मराठीत ते नाव ‘उडवला गेलेला हवेतला इमला’ असे होईल. इंग्रजी भाषेच्या जगात मात्र हाच चित्रपट ‘गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लाथ मारणारी मुलगी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो. या दोन नावांतील अंतर हे केवळ विक्रेत्यांच्या सोयीचे अंतर नव्हे. चित्रपट कोणत्या इतिहासाविषयी बोलतो आणि त्या इतिहासाचा कर्ता कोणास मानावयाचा, हा प्रश्न त्या अंतरात दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

१

प्रथम काही आवश्यक माहिती. लारसन यांचा जन्म १९५४ सालचा. स्वीडनमधील वंशवादी व अतिउजव्या संघटनांचा मागोवा घेणारे ‘एक्स्पो’ हे नियतकालिक १९९५ साली निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी ते एक. ९ नोव्हेंबर २००४ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या तिन्ही कादंबऱ्या अनुक्रमे २००५, २००६ व २००७ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाल्या. २००९ या एकाच वर्षात तिन्ही चित्रपट प्रदर्शित झाले. पहिल्याचे दिग्दर्शन नील्स आर्डेन ओप्लेव्ह यांनी केले. दुसरा व तिसरा डॅनियल आल्फ्रेडसन यांचा. हे दोन भाग मूळात दूरचित्रवाणीसाठी योजिले होते. पहिल्या भागास मिळालेल्या यशामुळे ते चित्रपटगृहांत आले, आणि पुढे २०१० साली तिन्ही कथांचे विस्तारित रूप स्वीडिश दूरचित्रवाणीवर सहा भागांत दाखविण्यात आले. अखेरच्या भागात पाठलागापेक्षा खोल्या, मार्गिका, कपाटे आणि कागदपत्रे यांनाच अधिक स्थान आहे, याचे एक कारण या मूळ योजनेत सापडते. दुसरे कारण मात्र विषयातच आहे.

कथानक थोडक्यात असे. लिस्बेथ सालँडर ही तरुणी डोक्यात गोळी घुसलेल्या अवस्थेत गोटेनबर्ग येथील रुग्णालयात आणली जाते. त्याच रुग्णालयात तिचा पिता झालाचेंको हाही जखमी होऊन पडलेला आहे. झालाचेंको हा सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्यातून १९७६ साली फुटून आलेला हेर. स्वीडनच्या सुरक्षा पोलिसांतील एका लहानशा, कोणालाही जबाबदार नसलेल्या गटाने त्याला आश्रय दिलेला असतो. तो लिस्बेथच्या आईस अमानुष मारहाण करी. परंतु त्याचे अस्तित्वच गुप्त असल्यामुळे त्याच्यावर खटला भरणे शक्य नव्हते. बारा वर्षांच्या मुलीने बापावर पेट्रोल टाकून त्याला पेटविले, तेव्हा तिचे तोंड बंद करण्यासाठी तिला मनोरुग्णालयात डांबण्यात आले. मोठेपणीही ती कायद्याने पालकाच्या ताब्यातच राहिली. चित्रपटाचा मध्यबिंदू म्हणजे तिच्यावर चाललेला खटला होय.

२

आता मूळ शीर्षकाच्या व्याकरणाकडे वळू. ‘स्प्रेंग्दे’ म्हणजे ‘स्फोटाने उडविले’. त्यास शेवटी ‘स’ हा प्रत्यय लागला की क्रियापद कर्मणी होते आणि कर्ता सांगण्याची गरज उरत नाही. प्राचीन नॉर्स भाषेतील एक आत्मवाचक सर्वनाम क्रियापदास चिकटून हा प्रत्यय तयार झाला. मराठी वाचकास हा प्रयोग अपरिचित वाटू नये. ‘असा निर्णय घेण्यात आला आहे’, ‘अर्ज फेटाळण्यात आला आहे’ ही आपल्या सरकारी पत्रव्यवहारातील वाक्ये याच जातीची आहेत. निर्णय कोणी घेतला, अर्ज कोणी फेटाळला, हे त्या वाक्यांतून कळत नाही. किंबहुना ते कळू नये हाच पुष्कळदा त्या रचनेचा हेतू असतो.

सालँडरचे सारे आयुष्य अशा कर्तृहीन वाक्यांनी बनले आहे. तिला मनोरुग्ण ठरविण्यात आले. तिला बांधून ठेवण्यात आले. तिला स्वतःचे व्यवहार पाहण्यास असमर्थ समजण्यात आले. खटल्यात तिची वकील आनिका जान्निनी काय करते, हे भाषेच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर सोपे आहे. ती या प्रत्येक वाक्याचा कर्ता विचारते. मनोरुग्ण कोणी ठरविले? पेटर टेलेबोरियन या डॉक्टरने. कोणाच्या सांगण्यावरून? सुरक्षा पोलिसांतील त्या गटाच्या. बांधून कोणी ठेवले? त्याच डॉक्टरने. पालक म्हणून नेमलेल्या वकिलाने तिच्यावर बलात्कार केला, हे तिचे म्हणणे डॉक्टर भ्रम म्हणून झटकून टाकतो. तेव्हा त्या प्रसंगाचे चित्रण न्यायालयापुढे ठेवले जाते. कर्मणी प्रयोगाचा कर्तरी प्रयोग होतो, आणि इमला कोसळतो.

त्या खटल्याच्या केंद्रस्थानी असलेला शब्दही तितकाच बोलका आहे. असमर्थ ठरविलेल्या प्रौढास स्वीडिशमध्ये ‘ओम्यूंदिग’ म्हणत. ‘म्यूंदिग’ म्हणजे सज्ञान, आणि त्याच शब्दापासून साधलेला ‘म्यूंदिगहेत’ म्हणजे शासकीय अधिकारसंस्था. ज्याला तोंड आहे, बोलण्याचा हक्क आहे, तो ‘म्यूंदिग’, अशी व्युत्पत्ती सहज सुचते; पण ती लोकव्युत्पत्ती आहे. हा शब्द जर्मन भाषांतून आला असून त्याच्या मुळाशी असलेल्या ‘मुंत’ या शब्दाचा अर्थ संरक्षण, पालकत्व असा आहे. आपल्याकडे जमिनीच्या कागदपत्रांत अल्पवयीन व्यक्तीस ‘अज्ञान’ म्हणण्याची आणि तिच्या वतीने ‘अज्ञान पालनकर्ता’ नोंदण्याची रूढी आहे. मराठी शब्दाने ज्ञान पाहिले, स्वीडिश शब्दाने छत्र पाहिले. परंतु दोन्ही भाषांत नोंद झाली की माणसाच्या बोलण्याचे वजन जाते, हे समानच. प्रौढास ‘ओम्यूंदिग’ ठरविण्याची तरतूद स्वीडनने १ जानेवारी १९८९ पासून रद्द केली व तिच्या जागी नियुक्त विश्वस्ताची पद्धत आणली. सालँडरच्या बाबतीत लारसन यांनी दाखविले आहे ते असे की शब्द गेला तरी सत्ता राहू शकते.

३

हा इमला केवळ कल्पनेचा होता काय? येथे इतिहासाच्या अभ्यासकाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवावयास हव्यात. चित्रपटातील तो गट काल्पनिक आहे, आणि त्याला पुरावा मानणे ही चूक होईल. परंतु तो गट ज्या मातीत उभा केला आहे ती माती खरी आहे.

३ मे १९७३ रोजी ‘फोल्केत इ बिल्ड / कुल्तुरफ्रोंत’ या नियतकालिकात यान गिलू व पीटर ब्राट या पत्रकारांनी ‘आय-बी’ नावाच्या गुप्त लष्करी हेरसंस्थेविषयी लिहिले. ही संस्था देशातील साम्यवादी व इतर डाव्या नागरिकांच्या नोंदी ठेवीत असे, आणि सत्तारूढ सोशल डेमोक्रॅटिक पक्षाशी तिचे संबंध होते. जानेवारी १९७४ मध्ये या दोघांना व त्यांना माहिती देणाऱ्या हाकान इसाक्सन यांना हेरगिरीच्या आरोपावरून प्रत्येकी एक वर्षाची शिक्षा झाली. अपिलात गिलू यांची शिक्षा दहा महिन्यांवर आली. चित्रपटात गुप्त गटातील माणसे गजाआड जातात व पत्रकाराचा अंक प्रसिद्ध होतो. १९७४ साली गजाआड गेले ते पत्रकार.

दुसरे उदाहरण अधिक हृदयस्पर्शी आहे. तोर्स्टेन लेआंडर या सुताराला १९७९ साली कार्ल्सक्रोना येथील नाविक संग्रहालयातील नोकरीस सुरक्षेच्या कारणावरून मुकावे लागले. त्याच्या नोंदीत काय लिहिले आहे हे त्याला सांगण्यात आले नाही. केवळ राजकीय मतांवरून कोणाची नोंद करू नये, असा नियम १९६९ पासून अस्तित्वात होता. त्याने स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. २६ मार्च १९८७ रोजी निकाल त्याच्या विरुद्ध गेला. अखेर १९९७ साली त्याची नोंद उघड झाली. त्याला धोकादायक समजण्यास आधार नव्हता, हे सरकारला मान्य करावे लागले, आणि त्याला चार लाख क्रोनर भरपाई मिळाली. सुरक्षा पोलिसांच्या देशांतर्गत कामाची चौकशी करण्यासाठी पुढे एक आयोग नेमला गेला व त्याचा विस्तृत अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. लारसन यांचे लेखन याच वातावरणातले आहे.

वैद्यकाच्या नावाखाली राज्यसंस्थेने चालविलेल्या सक्तीचाही स्वीडनला अनुभव होता. १९३४ साली झालेल्या कायद्यानुसार व त्याच्या पुढील रूपांनुसार १९७५ पर्यंत सुमारे ६३,००० व्यक्तींची निर्बीजीकरणे झाली. त्यांतील फार मोठा वाटा स्त्रियांचा होता, आणि अनेकींची संमती दबावाखाली घेतलेली होती. १९९७ साली मासिएय झारेंबा यांनी ‘दागेन्स न्यूहेतेर’ या दैनिकात या विषयावर लिहिल्यानंतर देशभर चर्चा झाली आणि १९९९ साली भरपाईचा कायदा आला. डॉक्टर टेलेबोरियन हे पात्र स्वीडिश प्रेक्षकास अतिरंजित वाटले तरी परके वाटले नसावे, ते या पार्श्वभूमीमुळे.

४

स्वीडनच्या इतिहासाची दुसरी बाजूही येथे सांगणे न्याय्य ठरेल. १७६६ साली या देशाने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला आणि त्यातच शासकीय दस्तऐवज पाहण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. जगातील अशा स्वरूपाचा हा पहिला कायदा. स्वीडिश राज्यसंस्था एका हाताने कागद उघडे ठेवते आणि दुसऱ्या हाताने गुप्त नोंदी करते, हा विरोध अडीचशे वर्षांच्या परंपरेतून आला आहे, आणि चित्रपटातील संघर्ष त्याचाच आहे. पाहा : १९९१ सालचा एक अहवाल सालँडरला वेडी ठरविण्याचा कट उघड करतो, म्हणून गुप्त गट त्याच्या प्रती पळवून नेतो. न्यायालयात टेलेबोरियनच्या संगणकातील मसुदे दाखवितात की त्याचा निष्कर्ष आधीच ठरला होता. सालँडर स्वतः रुग्णालयात चोरून मिळालेल्या उपकरणावर आपली हकीकत लिहून काढते. बंदुका आहेत, परंतु निर्णायक शस्त्र कागद हेच आहे.

या दृष्टीने दोन योजना लक्षणीय वाटतात. नूमी रापास यांची सालँडर या चित्रपटाचा बराच काळ खाटेवर किंवा कोठडीत असते व अत्यंत थोडे बोलते. तिने कोणत्याही पोळ्याला लाथ मारलेली दिसत नाही. दुसरी योजना एवर्ट गुलबर्ग या म्हाताऱ्या अधिकाऱ्याच्या भूमिकेची. झालाचेंकोला रुग्णालयात ठार करून स्वतःस गोळी घालून घेणारा हा गटप्रमुख दिग्दर्शकाचे वडील हान्स आल्फ्रेडसन यांनी रंगविला आहे. टागे डॅनियलसन यांच्या जोडीने त्यांनी अनेक वर्षे स्वीडनला हसविले होते. लोकांना आपलासा वाटणारा चेहरा गुप्त गटाच्या संस्थापकाला दिल्यामुळे एक गोष्ट आपोआप सांगितली जाते : इमला बांधणारे लोक परके नव्हते, ते त्याच घरातील वडीलधारे होते.

५

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. पहिल्या कादंबरीच्या स्वीडिश नावाचा अर्थ ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असा आहे; इंग्रजीत त्याच्या जागी अंगावर ड्रॅगन गोंदवलेली मुलगी आली. तिसऱ्या नावातील इमला गेला व त्याच्या जागीही मुलगीच आली. तीनपैकी फक्त दुसऱ्या स्वीडिश नावात मुलगी आहे. इंग्रजीत ती तिन्ही नावांत आहे. स्वीडिश शीर्षके एकदा समाजाकडे आणि एकदा संस्थेकडे बोट दाखवितात. इंग्रजी शीर्षके सर्वत्र एका असामान्य व्यक्तीकडे. शिवाय गांधीलमाश्यांच्या पोळ्याची प्रतिमा एक नवाच अर्थ आत आणते. पोळे निसर्गतःच असते, माश्या डिवचल्यावर चावतात, आणि डिवचणारीने आपणहून संकट ओढवून घेतले असे ध्वनित होते. हवेतला इमला मात्र कोणीतरी बांधलेला असतो. तो बांधणाऱ्यांचा हिशेब मागता येतो.

तथापि मूळ शीर्षकाला शेवटपर्यंत दोषमुक्त ठरविता येत नाही. तेही कर्ता सांगत नाही. इमला कोणी उडविला? चित्रपटाचे उत्तर असे की एकट्या कोणीही नाही : वकील, पत्रकार, औषधोपचार करताना नियमापेक्षा माणसाला अधिक महत्त्व देणारा डॉक्टर, संगणकातील माहिती मिळविणारा मित्र, आणि त्याच सुरक्षा पोलिसांतील राज्यघटनेच्या रक्षणाचे काम प्रामाणिकपणे करणारी माणसे. कर्ता अनेकवचनी आहे, म्हणून कदाचित शीर्षकाने त्याला वगळले असेल.

चित्रपट हे सारे अडीच तासांच्या आत घडवून आणतो, आणि येथेच त्याची मर्यादा आहे. लेआंडरला आपल्याविषयी लिहिलेले वाक्य वाचावयास अठरा वर्षे लागली, आणि त्याच्या बाजूने उभे राहून ‘हे कोणी लिहिले?’ असे विचारणारे न्यायालय त्याला लाभले नाही. चित्रपटातील न्यायालयीन प्रसंग पाहताना प्रेक्षकास जे समाधान वाटते, ते इतिहासाने पुष्कळांना नाकारले आहे. आपण जे अभ्यासक जुन्या दप्तरांत दिवस घालवितो, त्यांच्यापुढे ‘असे आढळून आले’, ‘असे ठरविण्यात आले’ ही वाक्ये रोज येतात. त्यांतील कर्ता शोधून काढणे हे आपल्या व्यवसायाचे अगदी साधे कर्तव्य आहे, आणि ज्यांच्याविषयी ती वाक्ये लिहिली गेली त्यांचे आपण देणे लागतो, ते नेमके हेच.