करवंदे : घरगुती टिकवण

करवंद (कुल अ‍ॅपोसायनेसी) हे काटेरी जाळीचे फळ रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांच्या डोंगरउतारांवर एप्रिल-मे महिन्यांत पिकते. ठाकर व कातकरी स्त्रिया करवंदे पानांच्या द्रोणात भरून विकतात. पिकलेले फळ दोन-तीन दिवसांत नासते आणि पावसाबरोबर हंगामच संपतो.

हिरव्या फळांचे लोणचे, पिकलेल्यांचे सरबत होते. जेली मात्र सर्वांत सरस. अर्धवट पिकलेल्या करवंदात आंबटपणा व पेक्टिन दोन्ही भरपूर असल्याने बाहेरचे पेक्टिन लागत नाही. फळे धुऊन, बुडतील इतक्या पाण्यात शिजवून रस कापडातून निथळू देतात. कापड पिळल्यास जेली गढूळ होते. रसात पाऊणपट ते समप्रमाणात साखर घालून तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ५° से. वर जाईपर्यंत आटवतात. कर्जत गावात ते १०५° से.च्या आसपास असते. त्याच तालुक्यातील, पण सुमारे ८०० मी. उंचीवरच्या माथेरानला सुमारे १०२° से. लाच जेली तयार होते. तिथे पुस्तकातला आकडा पाळला, तर हाती चिकट गोळा येतो.

उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत जेली गरम असतानाच भरून झाकण घट्ट लावतात. अन्न हवाबंद करून उष्णतेने टिकवण्याचे तंत्र निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने १८१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. करवंद पुरेसे आंबट (पीएच ४.६ हून कमी) असल्याने प्रेशर कुकरची गरज नसते. उघडलेल्या बाटलीत ओला चमचा घालू नये.