आजीचा धर्म आणि नातीचा धर्म

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा गावाच्या इतिहासावर चार पाने लिहावीत असा भगिनींनी आग्रह धरला. हिंजवडीचा इतिहास म्हटला की हल्ली लोक राजीव गांधी इन्फोटेक पार्कापासून आरंभ करतात; जणू त्याआधी येथे नुसते माळरानच होते! सनावळ्या सांगणारे दुसरे कितीतरी आहेत. मला निराळीच गोष्ट पाहावयाची आहे. एकाच घरात, एकाच देव्हाऱ्यापुढे हात जोडणाऱ्या आजी, आई आणि नात यांना पाप कोणते व पुण्य कोणते हे सारखेच वाटत नाही. हे असे का होते, आणि हा बदल घडवून आणतो तरी कोण?

आपल्या गावात याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड निघते. मुळशीच्या रानातून लाकूड आणून बगाड उभे करावयाचे, जांभूळकर घराण्यातील एकाने गळकरी होऊन पाठीत गळ टोचून घ्यावयाचे, आणि गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत हिंजवडीहून वाकडच्या म्हातोबापर्यंत ते न्यावयाचे, ही रीत. एखाद्या परक्याने हे प्रथमच पाहिले तर त्याचा जीव दडपतो. आपल्या आजीला मात्र त्यात भयंकर असे काही दिसत नसे. देवाने गावाची राखण करावी आणि गावाच्या वतीने एकाने देह पुढे करावा, हा तिच्या लेखी सरळ व्यवहार होता. जखमेला भंडाऱ्याखेरीज दुसरे औषध लागत नाही, हेही तिने कधी तपासून पाहिले नाही आणि तशी गरजही तिला वाटली नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे थोर गणिती आणि इतिहासकार पुण्यात राहत. पुण्याच्या आसपासची खेडी, टेकड्या आणि जुन्या वाटांवरील देवस्थाने त्यांनी पायी हिंडून पाहिली. १९६२ साली निघालेल्या त्यांच्या 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथात वाकडच्या म्हातोबाचाही विचार आहे. शेंदूर फासलेले हे देव पोथीतल्या देवांच्याही आधीचे, गुराख्यांचे व रानात राहणाऱ्यांचे, असे त्यांचे म्हणणे. गळ टोचून घेणे हे एके काळच्या नरबळीचे सौम्य झालेले रूप असावे, असाही तर्क अभ्यासकांनी केला आहे. तो खरा धरला, तर ज्याला आपण आज क्रूर म्हणतो तीच कोण्या एका पिढीने केलेली सुधारणा ठरते! माणसाचा जीव घेण्याऐवजी त्याच्या पाठीच्या कातड्यावर भागवावे, असे कोणाला तरी प्रथम सुचले असेल, आणि त्या वेळच्या म्हाताऱ्यांनी 'आता देव कोपणार' म्हणून कपाळाला हात लावला असेल.

इंग्रज सरकारची या बाबतीत मोठी कुचंबणा झाली. मिशनरी मंडळी अर्जांवर अर्ज करीत. पण १८५७ च्या उठावानंतर, १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धर्माच्या कामात ढवळाढवळ न करण्याचे वचन देऊन ठेवले होते. तरीही बंगालमध्ये चरकपूजेतील गळावर १८६५ साली सरकारने बंदी घातली. आपल्या मुंबई इलाख्यातही अधिकाऱ्यांनी ही चाल दडपावयाचा प्रयत्न केला, आणि अनेक ठिकाणी गळाच्या जागी दोर आला. माणसाला कमरेला बांधून फिरवू लागले. काही ठिकाणी गळ राहिला. अलीकडे २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर, अमानुष व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला. परंतु माझे मत असे की, ज्या गावी गळ सुटला तेथे तो पोलीस पाटलाच्या धाकाने जितका सुटला, त्याहून अधिक घरच्या बायकांच्या डोळ्यांतील पाण्याने सुटला असावा. याला कागदोपत्री पुरावा नाही, हे मान्य आहे. बायकांचे बोलणे दप्तरात नोंदवून ठेवण्याची पद्धत नव्हती.

आता नातीकडे पाहू. ती संगणकाच्या कंपनीत जाते, तरी यात्रेला रजा टाकून येते. तिला विचारले, की देव कोपेल म्हणून येतेस काय? तर ती हसते. "आपल्या गावची परंपरा आहे," म्हणते. हा 'परंपरा' शब्द आजीच्या तोंडी कधीच नव्हता! आजीला तो देव होता, नातीला तो गाव आहे. चहूकडे परप्रांतांतील माणसे, उंच इमारती, आपल्याच शिवारात आपण थोडके झालेलो. अशा वेळी आपण येथले आहोत हे सांगावयास वर्षातून एक दिवस तरी हवा. म्हणून भक्ती पातळ झाली तरी गर्दी वाढते. मला विचाराल तर बगाड राहावे आणि गळ जावा. पण माझ्या या मताला वाडीवस्तीवर फारशी किंमत नाही, हेही मी जाणून आहे.

बकऱ्याचे मात्र निराळे झाले. घरातील कोणी आळंदी-देहूची वाट धरली, गळ्यात तुळशीची माळ घातली, की त्या घरातील नवसाचे बकरे आपोआप मागे पडे आणि पुरणपोळीचा नैवेद्य पुढे येई. गाडगेमहाराजांनी १९५६ साली देह ठेवीपर्यंत आपल्या कीर्तनांतून देवापुढील बळीवर कोरडे ओढले. प्रार्थनासमाज १८६७ साली मुंबईत निघाला, त्याचे विचार उच्च खरे. पण खेड्यातील बाईपर्यंत पोहोचले ते कीर्तनच. तिच्या दृष्टीने हा धर्म सोडणे नव्हते, धर्मच अधिक चांगला पाळणे होते. अशा रीतीने आलेला बदल टिकतो.

परंतु पिढ्या नेहमी पुढेच जातात असे मानणे चुकीचे आहे. पाटाची गोष्ट घ्या. कुणब्यांत, माळ्यांत व इतर अनेक जातींत नवरा वारलेल्या तरुण मुलीचा पाट लावून देत. तो लग्नाच्या बरोबरीचा मानीत नसत, तरी तिला पुन्हा घर मिळे. पुण्या-मुंबईचे पांढरपेशे विधवाविवाहासाठी झगडत होते, १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवेशी विवाह केला म्हणून त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले, त्याच काळात कित्येक शेतकरी घराण्यांना मोठे म्हणवून घ्यावयाचे होते म्हणून पाट कमीपणाचा वाटू लागला! पणजीचा पाट लागलेला, आणि नातसुनेने मात्र विशीत वैधव्य आले तरी तसेच राहावयाचे. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानेही एक पाचर मारून ठेवली होती. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क संपावयाचा. ज्या जातींत पाटाची चाल पूर्वापार होती, त्यांनाही मुंबई हायकोर्टाने हे कलम लावले. सुधारणेचा कायदा, आणि भुर्दंड गरीब बाईला.

मालमत्तेवर आलेच आहे, तर मनातले बोलून टाकते. आपल्या गावी धर्माची खरी परीक्षा बगाडावर झाली नाही. ती सातबाऱ्यावर झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, उरलेल्यांना सोन्याचा भाव आला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला होता. महाराष्ट्राने १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळले. २००५ साली दिल्लीच्या कायद्याने तोही भेद काढला, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टाने, वडील त्या तारखेस हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क कायम असल्याचे स्पष्ट केले. कायदा इतका चालून आला. बहिणीचे मन किती आले?

आमच्या आईच्या पिढीला माहेरची जमीन मागणे हे पापच वाटे. पाप हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. भाऊबीजेची ओवाळणी मिळाली, दिवाळीला मुराळी आला, की बहीण सुखी. जमीन विरघोटीची असताना त्या सोडण्यात फार काही जात नव्हते, आणि अडीअडचणीला माहेरचे दार उघडे राही, हा लाभ मोठा होता. मग एकराची किंमत कोटींत गेली, आणि हक्कसोडपत्रावर अंगठा मागताना भाऊ तोच जुना धर्म सांगू लागले. कित्येकींनी निमूट सह्या केल्या. कित्येकींनी वाटा मागितला, आणि त्यांचे माहेर तुटले. दोन्ही प्रकारच्या बायका आपल्या मंडळात आहेत, एकाच सतरंजीवर बसतात, म्हणून अमकी चुकली असे मी लिहिणार नाही. एवढे मात्र पाहिले आहे की, ज्या आईने स्वतः सही करून दिली, तीच आता मुलीला म्हणते, "तू मात्र वाचल्याशिवाय सही करू नकोस."

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. त्यानंतर आपल्याकडेही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सर्वांनाच बोलवावे, असा विचार निघाला. तरुण मुलींना त्यात विशेष वाटले नाही. विरोध झाला तो वयस्कांचा, आणि त्यातही अधिक त्या स्वतः विधवा असलेल्यांचा. "आमच्या पायगुणाने दुसरीचे काही वाईट झाले तर?" एकीने विचारले. साऱ्या जन्माची समजूत ठरावाने कशी निघावी?

पुढे संक्रांतीला त्यांपैकी एक आजी आल्या. दाराशीच बसल्या. वाण घेतले, तिळगूळ घेतला. नातीने कुंकवाची कोयरी पुढे केली तेव्हा त्यांनी कपाळ मागे घेतले, आणि मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "कागदात बांधून दे गं, घरी नेते." ती पुडी त्यांनी कमरेच्या पिशवीत नीट खोवून नेली.