२६ जून २०१३ : राज्याने मानलेले लग्न केंद्रालाही मान्य

चाळीसहून अधिक वर्षांच्या सहवासानंतर एडिथ विंडसर आणि थिया स्पायर यांनी २००७ मध्ये टोरांटोत लग्न केले. न्यूयॉर्क राज्याने ते मानले. अमेरिकेच्या केंद्र सरकारने नाही. १९९६ च्या केंद्रीय कायद्याला स्त्री-पुरुषाचाच विवाह मंजूर होता. २००९ मध्ये थिया गेल्या आणि एडिथबाईंना ३,६३,०५३ डॉलर वारसाकर भरावा लागला. मागे राहिलेला जोडीदार पुरुष असता, तर एक डॉलरही लागला नसता! त्या कोर्टात गेल्या. विवाहाचे नियमन परंपरेने राज्यांकडे आहे. राज्याने दिलेला दर्जा केंद्राने हिरावणे घटनाबाह्य, असे सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अँथनी केनेडी यांनी ५ विरुद्ध ४ अशा बहुमताच्या निकालात लिहिले. समलिंगी विवाहांवरील राज्यांच्या स्वतःच्या बंदीला मात्र या निकालाने हात लावला नाही. ती उठली २६ जून २०१५ रोजी.