सरकारी अहवालाशेजारची बाजू

आर्थिक आणि सामाजिक हक्कांवरच्या आंतरराष्ट्रीय देखरेखीची सुरुवात फारच मवाळ होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६६ मध्ये मंजूर केलेला या हक्कांचा करार १९७६ मध्ये अमलात आला. पण नागरी हक्कांच्या जुळ्या कराराला स्वतंत्र समिती मिळाली, तशी याला मिळाली नाही. सरकारे स्वतःचे अहवाल लिहीत आणि ते तपासायला सरकारांनीच नेमलेली माणसे बसत. अठरा तज्ज्ञांची समिती १९८५ च्या ठरावाने स्थापन झाली आणि १९८७ मध्ये तिची पहिली बैठक झाली. तरी माझ्या मते देखरेखीला खरा अर्थ आला तो त्यानंतर, सरकारी अहवालाशेजारी बाधितांची बाजू ठेवली जाऊ लागली तेव्हा.

डोमिनिकन रिपब्लिकचे प्रकरण त्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. कोलंबसच्या आगमनाला १९९२ मध्ये पाचशे वर्षे होणार म्हणून राष्ट्राध्यक्ष बालागेर यांच्या सरकारने सांतो दोमिंगोत क्रुसाच्या आकाराचे प्रचंड काँक्रीटचे स्मारक उभारायला घेतले आणि शहरातल्या गरिबांच्या वस्त्या हटवल्या. स्वयंसेवी संस्थांनी याची माहिती समितीपुढे ठेवली. पाच वर्षांत सुमारे १५,००० कुटुंबे बेघर झाल्याची ती माहिती सरकारला समाधानकारकपणे खोडून काढता आली नाही. १९९० मध्ये समितीने निवाऱ्याच्या हक्काचा भंग झाल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवले.

गरीब देशांकडे पैसा नाही, करारच हक्क टप्प्याटप्प्याने द्यायला सांगतो, मग दोष कसला, असा आक्षेप घेतला जातो. घरे बांधून द्यायला पैसा लागतो हे खरेच. पण उभी घरे पाडली नाहीत, तर तिजोरीवर कसला भार पडतो? इथे तर पाडण्यासाठी आणि स्मारकासाठी पैसा होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: समितीच्या शब्दाला अंमलबजावणीचे बळ नाही. स्मारकाचे उद्घाटन १९९२ मध्ये झालेच, हे नाकारता येत नाही. मात्र १९९१ मध्ये समितीने निवाऱ्याच्या हक्काचा अर्थ सविस्तर मांडला. त्यात डोक्यावरच्या छपराइतकेच, सक्तीने हुसकावले न जाण्याच्या कायदेशीर हमीलाही स्थान मिळाले. पुढे २०१३ पासून वैयक्तिक तक्रारीची सोय झाली आणि २०१५ मध्ये स्पेनमधल्या एका महिलेच्या बाजूने निर्णय लागला. गहाण घराच्या लिलावाची नोटीस तिच्यापर्यंत नीट पोहोचलीच नव्हती.

भारताने मूळ करार १९७९ मध्ये स्वीकारला, तक्रारीचा पूरक करार मात्र स्वीकारलेला नाही. त्यामुळे आपल्याकडच्या विस्थापिताला या समितीकडे स्वतःची तक्रार नेता येत नाही; सरकारचा अहवाल तपासणीला येईल, तेव्हाच त्याची बाजू एखाद्या संस्थेमार्फत तिथे मांडता येते.