श्वासाचा जमाखर्च

आपल्या गटाच्या बैठकीत एक बाई कोपऱ्यात बसून वही लिहीत असते. बाकीच्या बोलतात, ती ऐकते आणि आकडे मांडते. आज अशाच एका वही लिहिणाऱ्या बाईची गोष्ट सांगते. ती राहायची दूर फ्रान्स देशात, पॅरिस शहरात, सव्वादोनशे वर्षांपूर्वी. तिच्या वहीत हिशेब होता तो पैशांचा नव्हे, श्वासाचा.

तिचं नाव मारी-आन. १७७१ साली तिचं लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि नवरा, आंत्वान लाव्हाझिए, अठ्ठावीस वर्षांचा. तो राजासाठी कर गोळा करणाऱ्या मंडळींपैकी एक होता. पण त्याचा खरा जीव होता प्रयोगशाळेत. मारी-आन तिथं नुसती बघत बसली नाही. इंग्रजी शिकली, कारण इंग्लंडमधले शोध नवऱ्याला वाचता येत नव्हते. चित्रकला शिकली, म्हणजे प्रयोगाची भांडी जशीच्या तशी काढता येतील. आणि वही तिनं हातात घेतली.

आपण श्वास का घेतो? फार जुन्या काळापासून विद्वान सांगत आले होते की शरीरातली उष्णता थंड करण्यासाठी. मग १६६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यानं काचेच्या भांड्यातली हवा पंपानं काढून घेतली. आत ठेवलेली मेणबत्ती विझली आणि आत ठेवलेला पक्षीही मेला. दिव्याला आणि जिवाला दोघांनाही हवा लागते, एवढं कळलं. हवेतलं नेमकं काय लागतं, ते कळायला आणखी शंभर वर्षं गेली. १७७४ साली जोसेफ प्रिस्टली या इंग्रज माणसानं एक वायू वेगळा काढला. त्यात मेणबत्ती झगझगीत जळायची आणि उंदीर जास्त वेळ जगायचा. त्याच वर्षी तो पॅरिसला आला आणि लाव्हाझिए नवराबायकोच्या घरी जेवताना त्यानं या वायूबद्दल सांगितलं. पुढे लाव्हाझिएनं त्या वायूला ऑक्सिजन हे नाव दिलं. आपण त्याला प्राणवायू म्हणतो.

मग एका हिवाळ्यात लाव्हाझिए आणि त्याचा मित्र लाप्लास यांनी गिनीपिग नावाचा उंदरासारखा छोटा प्राणी एका भांड्यात ठेवला. भांड्याभोवती बर्फ भरला. प्राण्याच्या अंगच्या उबेनं किती बर्फ वितळला ते मोजलं. तो प्राणी श्वासातून जेवढा कर्बवायू सोडतो, तेवढाच सोडणारा कोळसा जाळून त्यानं किती बर्फ वितळतो तेही पाहिलं. दोन्ही आकडे जवळपास आले. म्हणजे श्वास हीसुद्धा एक चूलच! चुलीत लाकूड जळतं, शरीरात अन्न जळतं. फक्त हळूहळू, जाळ न होता.

१७९० च्या सुमारास पाळी आली माणसाची. सेगँ नावाचा त्यांचा सहकारी तोंडाला मुखवटा आणि नळी लावून बसला. आधी तो नुसताच बसला, मग पायानं वजन चालवत कष्ट केले. मारी-आननं या प्रयोगांची चित्रं काढली, ती आजही आहेत. त्यांत एका टेबलाशी बसून नोंदी लिहिणारी बाई दिसते. ती मारी-आन स्वतःच आहे.

वहीत काय निघालं? कष्ट करताना माणूस बसल्या वेळेच्या दुपटीहून जास्त प्राणवायू वापरतो. यावर लाव्हाझिएनं लिहिलेला विचार मला फार मोलाचा वाटतो. हातावर पोट असणारा गरीब जास्त जाळतो, म्हणून त्याला अन्नही जास्त हवं. पण भरलेलं ताट असतं बसून खाणाऱ्यापुढे. असं का व्हावं, असं त्यानं विचारलं.

पुढे फ्रान्समध्ये क्रांती झाली. ८ मे १७९४ या एकाच दिवशी मारी-आनचा नवरा आणि वडील, दोघांचीही मान कापली गेली. राजाचे कर गोळा करणारे म्हणून. तिलाही काही काळ तुरुंगात ठेवलं. सुटल्यावर नवऱ्याचे अपुरे राहिलेले लेख तिनं छापून आणले.

लाव्हाझिएला वाटायचं की हे जळणं फुप्फुसात होतं. नंतर कळलं की ते शरीराच्या कणाकणात होतं. फुप्फुसात कोट्यवधी बारीक फुगे असतात आणि त्यांभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. तिथं देवघेव चालते, प्राणवायू रक्तात जातो आणि कर्बवायू बाहेर येतो. आत घेतलेल्या हवेच्या शंभर भागांत प्राणवायू एकवीस भाग असतो, बाहेर सोडलेल्या हवेत सोळाच्या आसपास उरतो. मासा हीच देवघेव कल्ल्यांतून करतो. गांडूळ ओल्या कातडीतून करतं, म्हणून उन्हात कोरडं पडलं की मरतं. टोळाच्या अंगावर त्यासाठी बारीक छिद्रं असतात. दारं वेगळी, व्यवहार एकच.

आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. त्याला लोह लागतं. लोह कमी पडलं की हवा भरपूर असूनही प्राणवायू शरीरापर्यंत पुरेसा पोचत नाही. मग पाण्याचा हंडा आणताना दम लागतो, खुरपताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण म्हणतो, वय झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी असल्याचं सांगितलं आहे.

आता आपल्या घरातला हिशेब बघा. पहाटेपासून राबते ती सगळ्यांत शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते. खर्च सगळ्यांत मोठा आणि जमा सगळ्यांत थोडी. असा गट चालेल का? मग शरीर कसं चालेल?

म्हणून पुढच्या बैठकीत वहीत एक पान वाढवा. प्रत्येकीनं आशाताईंना विचारून हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं आणि आकडा लिहायचा. बारापेक्षा कमी, किंवा गरोदर असताना अकरापेक्षा कमी आला, तर दवाखान्यात दाखवायचं. आणि घरी सगळ्यांबरोबर, भरल्या ताटावर बसायचं.

वही लिहिणारीनं स्वतःचा आकडा आधी लिहावा.