एक आवाज, अनेक श्रोते

१९३५ साली म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या ‘विठ्ठल विहार’ या घरात अवघ्या ३० वॅटचे नभोवाणी केंद्र उभारले. त्याचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. श्रोता वाढला म्हणून तेथे खर्च वाढत नसे. अर्थशास्त्रातील सार्वजनिक वस्तूचे हे उत्तम उदाहरण.

संगणकजाळ्यात हे सुख आपोआप लाभत नाही. प्रत्येकास वेगळी प्रत पाठवावी तर वाहिनी तुंबते. सरसकट पाठवावी तर नको त्याच्याही दारी ओझे पडते. स्टीव्ह डीअरिंग यांच्या १९८९ च्या मानकाने मधला मार्ग आखला: मल्टिकास्ट. २२४ ते २३९ या आकड्यांनी आरंभ होणारे पत्ते गटांसाठी राखीव. ज्यास हवे त्याने जवळच्या राउटरकडे नोंद करावी. राउटरने मागणी असेल त्याच वाटेने, फाटा फुटेल तेथेच प्रत काढावी.

मात्र मधल्या एखाद्या राउटरवर ही सोय सुरू केलेली नसली, तर पलीकडचे सारे वंचित राहतात आणि पाठवणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या परिपत्रकांचे पुष्कळदा हेच होते. नोंद करावी लागते, हेच ज्यास ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्यास आजही गोपालस्वामींचाच मार्ग हवा.