मेणवली : एका ग्रामप्रदक्षिणेचा ऐतिहासिक अर्थ

सातारा जिल्ह्यात वाईजवळ कृष्णाकाठी वसलेले मेणवली हे गाव नाना फडणवीस (१७४२–१८००) यांच्या वाड्यामुळे ख्यातनाम आहे. 'मेणवली दप्तरा'तील कागदपत्रांचा उपयोग इतिहासकारांनी पेशवाईच्या राजकारणाचा शोध घेण्यासाठी केला. परंतु गावाची रचना हेही एक साधन आहे, याकडे प्रस्तुत लेखात लक्ष वेधावयाचे आहे.

वाड्याचे चौक पाहून मागील बाजूने उतरले असता कृष्णेचा दगडी घाट लागतो. घाटावर मेणेश्वराचे व विष्णूचे देवालय असून जवळच पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर अशा घंटा देशावरील देवालयांत आल्या. तेथून गावातील वाटेने पुन्हा वाड्यापाशी येता येते.

या अल्पशा प्रदक्षिणेत सत्ता, धर्मकार्य, लोकोपयोगी बांधकाम आणि युद्धातील विजय यांचा परस्परसंबंध प्रत्यक्ष दिसतो. 'स्वदेस' (२००४) सारख्या चित्रपटांमुळे घाट सर्वपरिचित झाला. तथापि तो केवळ देखावा ठरू नये. वाडा, घाट व देवालये सुटी सुटी जतन केल्यास वास्तू टिकतील, पण त्यांना जोडणारा अर्थ हरवेल. म्हणून त्यांमधील वाटेचेही जतन होणे अगत्याचे आहे.